सोळा इंचांचा पीळ

"पोरीचं वजन किती?"

आपानं आमच्याकडे बघून विचारलेला हा पहिला प्रश्न. तोही मला नाही, माझ्या बाबांना.

आम्ही गोंडपिपरीकडच्या आमच्या गावाहून सकाळच्या बसनं चंद्रपूरला आलो होतो. मला कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि राहायला खोली हवी होती. पठाणपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंदूक दुरुस्तीचं एक दुकान आहे, माडीवर खोली रिकामी आहे, मालकीण विधवा बाई आहे, एवढं कुणीतरी सांगितलेलं. बाबा धानाच्या शेतीतले, सरळमार्गी. आपली मुलगी बंदुकांच्या डोक्यावर झोपणार ही कल्पनाच त्यांना रुचत नव्हती, त्यात हा प्रश्न आला. त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, आमी पोरगी दाखवाले नाई आणली. खोली पाहाले आलो."

आपा हातातल्या चिंधीनं तेल पुसत म्हणाली, "भाऊ, तुमीच तं बोलले का पोट्टी एनसीसीत बंदूक चालवते म्हून. इथच्या क्लबची रायफल पाच किलोची आहे. हे अशी वाळली काडी. कशी पेलन थे?"

मग तिनं मला दुकानाच्या कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो. "भात खाय," ती म्हणाली, आणि खोलीची किल्ली बाबांच्या हातात ठेवली. घराचे नियम, भाडं, पाहुणे, यातलं काहीच बोलली नाही. ते आम्हालाच विचारावं लागलं.

तिसऱ्या दिवशी मी वर सामान लावत होते, तर ती दोन गंज, म्हणजे पातेली, आणि एक तवा घेऊन आली. त्यांवर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. "तुह्या बापाले सांगजो, भांडे नवे आहेत. आमच्या घरचं काई शिजलं नाई याच्यात." बाबांनी तसं काही विचारलं नव्हतं. पण त्यांच्या मनात ते असणार हे तिनं ओळखलं होतं, आणि त्याचं वाईटही वाटून घेतलं नव्हतं. पुढे दोन महिन्यांत ती भांडी माडीवरून खाली तिच्याच स्वयंपाकघरात गेली, कारण मी जेवायला रोज खालीच असायची. बाबा आले की तेही खालीच जेवायचे.

सगळे तिला आपाच म्हणत. सासऱ्यांचं दुकान, मग नवऱ्याचं. वीस वर्षं ती आतल्या खोलीत बसून लाकडी दस्त्यांना पॉलिश करत होती, नळ्या साफ करत होती. नवरा वारला तेव्हा सगळ्यांना वाटलं दुकान बंद होणार. परवाना तिच्या नावावर व्हायला बराच काळ गेला. ती दर आठवड्याला कचेरीत जाऊन बाकावर बसायची, कुणाला काही म्हणायची नाही. शेवटी झाला. त्या दिवसापासून ती सलवार-कमीजवर नवऱ्याचा खाकी शर्ट चढवून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, दुकानाच्या पुढच्या भागात बसू लागली. मी पाहिली ती अशीच.

दुकानात येणाऱ्या बंदुका बहुतेक शेतकऱ्यांच्या. रानडुकरं धान तुडवतात म्हणून परवान्यावर घेतलेल्या, साध्या गुळगुळीत नळीच्या. बँकेच्या चौकीदारांच्या काही. रायफली मोजक्याच. पण आपाचा जीव रायफलीत. रायफल आली की तिचे डोळे बदलत. आणि रायफल घेऊन आलेल्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट विचारायची, "हिले खाऊ काय घालता?"

नवा माणूस गोंधळायचा. तिला विचारायचं असे, की या बंदुकीत गोळी कुठली वापरता, किती वजनाची. ज्याला ते सांगता येत नसे त्याच्याकडे ती अशी बघे, जशी एखादी नर्स लेकराचं वय न सांगता येणाऱ्या बापाकडे बघते.

माझ्या पहिल्या महिन्यात तिनं मला पीळ मोजायला शिकवलं. शहरातल्या नेमबाजी क्लबच्या रायफली देखभालीला तिच्याकडेच येत. तिनं एक माझ्यासमोर घेतली. साफ करायच्या सळईला घट्ट कापड गुंडाळलं, सळईच्या मुठीवर कागदाचा एक झेंडा चिकटवला आणि सळई नळीत हळूहळू सरकवली. झेंडा आपोआप वळायला लागला.

"पाह्य. मी फिरवून नाई राह्यली. नळीच फिरवून राह्यली. आतमंदी खाचा आहेत, दोरीच्या पिळासारख्या. थ्या खाचा गोळीले गरगर फिरवतात, म्हून गोळी सरळ जाते."

झेंड्यानं एक पूर्ण वेढा घेतला तेव्हा तिनं सळईवर पेन्सिलीनं खूण केली आणि टेपनं मोजलं. सोळा इंच.

"म्हणजे सोळा इंचांत एक फेरा. आता सांग, हिले जड गोळी घालावी का हलकी?"

मी म्हटलं, जड असेल तर जोरात लागेल.

आपानं कपाळावर हात मारला. मग शेजारच्या दुकानातून दोन भोवरे आणवले, एक बुटका आणि एक लांबुडका. बुटका तिनं हलकेच फिरवला तरी उभा राहिला. लांबुडका तेवढ्याच जोरानं फिरवला तर डगमगून आडवा झाला. तिनं तो पुन्हा जोर लावून फिरवला, तेव्हा उभा राहिला.

"नळीचं भोक तं तेवढंच राह्यते. मंग गोळी जड करायची तं लांबच करा लागते ना? लांब गोळीले जास्त फिरवा लागते. या नळीत तेवढा पीळच नाई. हिले अडीच ग्रॅमची गोळी पचते. चार ग्रॅमची देली, तं बाहेर निंघून आडवी होईल."

एवढंच तिचं शास्त्र. पण ते ती नमाजासारखं पाळायची. टेबलावर एक सोनाराचा नाजूक काटा होता, त्यावर ती एकेक काडतूस तोलायची आणि वजनाप्रमाणे मिठाईच्या रिकाम्या डब्यांत भरायची. काटा हाताशी असल्यामुळे मग ती काहीही तोलायची. लग्नाच्या पत्रिका, माझ्या घरून आलेली लसूण, केसांची पिन. एकदा चिमूरकडचे एक गृहस्थ आजोबांची विलायती रायफल घेऊन आले. ते कुठूनतरी आणलेली भलत्याच वजनाची काडतुसं तिच्यात घालत होते. आपानं बंदूक दुरुस्त केली पण परत देईना. "बराबर गोळी दाखवा, बंदूक घेऊन जा. उपाशी राहू द्या, पन हे नका घालू." ते चिडले आणि आठ दिवसांनी कुणा पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन आले. आपानं चिठ्ठी उघडलीही नाही. काट्यावर ठेवली. "पावणेदोन ग्रॅम," ती म्हणाली. "गोळीपेक्षा हलकी आहे, भाऊ." ते गृहस्थ आधी लाल झाले आणि मग असे हसत सुटले की त्यांना पाणी द्यावं लागलं. महिन्याभरानं ते बरोबर काडतुसं घेऊन आले आणि येताना तिच्यासाठी मोहाच्या फुलांचे लाडूही आणले.

तिच्या या शास्त्रातून कुणी जीवनाचा अर्थ काढला की मात्र तिला वैताग येई. एकदा महिला दिनाला एका शाळेनं तिचा सत्कार ठेवला. मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, "जशी नळी तशी गोळी! हेच आपांनी आपल्याला शिकवलं आहे. माणसानंही आपली कुवत ओळखूनच..." आपा खुर्चीवरून उठली, त्यांच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाली, "गुरुजी, माणसाचं मले काई माहीत नाई. मी बंदुकीचं सांगतलं होतं." आणि शाल घेऊन खाली उतरली. मला इतकं हसू आलं की मी मुलींच्या रांगेत तोंडावर ओढणी धरून बसले.

आता त्या दिवसाचं सांगते.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. पन्नास मीटरवर झोपून मारायच्या रायफलीत माझा हात बरा बसला होता आणि क्लबनं राज्य स्पर्धेसाठी माझं नाव पाठवलं होतं. बाबांनी एका स्थळाला होकार द्यायचं त्या स्पर्धेपर्यंत थांबवलं होतं. "पाहू तुझं काय होते ते," एवढंच ते म्हणाले होते. त्या "पाहू"वर माझं सगळं टांगलेलं होतं.

क्लबचे अध्यक्ष पूर्वी लाकडाच्या व्यापारात होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. माझा नेमबाजीचा जाड कोट त्यांनीच घेऊन दिला होता, स्पर्धेची फीसुद्धा तेच भरणार होते. त्यांनी क्लबच्या परवान्यावर बाहेरच्या देशातली काडतुसं मागवली, खास माझ्यासाठी. जड गोळीची. वाऱ्यात हलकी गोळी वाहून जाते, जड जात नाही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. डबे आले तेव्हा ते लहान मुलासारखे खूश होते.

आपानं त्यातलं एक काडतूस बोटांत धरून उजेडात पाहिलं. पितळेची खोळ आखूड, पुढचं शिसं लांबच लांब. तिनं ते काट्यावर ठेवायचीही तसदी घेतली नाही.

"हे आपल्या रायफलीले नाई चालत."

"आधी मारून तर पाहू द्या, आपा," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या रेंजवर गेलो. टेकडीच्या पोटाला कापून केलेली जागा, मागे मातीचा उंच बांध, भोवती सागाची झाडं. क्लबचे दहा-बाराजण जमले होते. मी झोपले, श्वास सोडला आणि दहा गोळ्या मारल्या. प्रत्येक गोळी सुटताना मला कळत होतं की माझं काही चुकत नाहीये. घोडा नेहमीसारखाच हलका दाबला जात होता, नेमाच्या छिद्रातून दिसणारं काळं वर्तुळ जागचं हलत नव्हतं.

कागद आणला. गोळीचं भोक कसं गोल असतं, पंचिंग मशीननं पाडल्यासारखं. या कागदावर दहांतली चार भोकं लांबट होती. नखानं ओरबाडल्यासारखी. गोळी तिथे आडवी होऊन घुसली होती. आणि दहाही इकडेतिकडे फेकल्यासारख्या पसरल्या होत्या.

आपानं कागद साहेबांसमोर धरला. "पाहा. आडवी लागून राह्यली. नळीत पीळ सोळा इंचांचा आहे साहेब, या गोळीले नऊ-दहा इंचांचा पायजे."

सगळे बघत होते. साहेबांचा चेहरा कडक झाला. "आपा, तुम्ही स्क्रू-पेचकस सांभाळा. एवढ्या मोठ्या कंपनीला कळत नाही आणि तुम्हाला कळतं?" आणि ते माझ्याकडे वळले. आवाज मऊ केला. "तूच सांग, बेटा. मारलंस तू. गोळीचा दोष की हात हलला?"

मला आजही तिथलं सगळं आठवतं. कोपराखालची सतरंजी, कोटाचा नवा वास, सागाच्या पानांचा आवाज. मला माहीत होतं. आपाइतकंच स्पष्ट माहीत होतं. पण साहेबांनी मन दुखावून घेतलं तर स्पर्धा गेली, आणि स्पर्धा गेली की घरी ते स्थळ होतं.

"हात हलला, साहेब," मी म्हटलं.

आपानं माझ्याकडे पाहिलंही नाही. कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि आपली सायकल घेऊन निघून गेली.

संध्याकाळी मी खाली जेवायला जाऊ की नको, करत जिन्यात उभी होते. खालून हाक आली, "येऊन राह्यली का नाई? खिचडी थंडी होते." मी गेले. तिनं वाढलं. "मीठ बराबर आहे ना?" विचारलं. मी मान हलवली. बस. त्या दिवसाबद्दल ना ती बोलली, ना मी. तिनं ओरडायला हवं होतं. मी वर जाऊन रडले असते, दुसऱ्या दिवशी पाय धरले असते, सगळं मिटलं असतं. ती ओरडलीच नाही.

पुढचे पंधरा दिवस ती रोज दुपारी क्लबची साधी, आपली नेहमीची काडतुसं तोलत बसायची. एकेक उचलायची, ठेवायची. काट्याचा बारीक टण् आवाज माडीवर ऐकू यायचा.

स्पर्धा नागपूरला होती. क्लबच्या कागदोपत्री मिस्त्री म्हणून आपाचं नाव होतं आणि काडतुसं न्यायची परवानगीही तिच्याच नावावर. तरी ती कधी स्वतः जात नसे, दुसऱ्या कुणाच्या नावानं कागद करून घ्यायची, कारण तिला बस लागायची. चंद्रपूर ते वरोरा एवढ्यातच तिचा जीव जायचा. या वेळी ती आली. पुढच्या सीटवर लिंबू नाकाला लावून, डोळे मिटून, पुटपुटत बसली. मी पिशवी धरायला हात पुढे केला तर तिनं माझा हातच घट्ट धरला आणि नागपूर येईपर्यंत सोडला नाही.

रेंजवर साहेब पाहुण्यांच्या खुर्च्यांत पहिल्या रांगेत होते. माझा नंबर आला. मी सतरंजीवर झोपले. आपा आली, वाकून माझ्या उजव्या हाताशी दोन डबे ठेवले. एक साहेबांचा, चकचकीत. दुसरा बर्फीचा, आत तोललेली काडतुसं. आणि मागे रेषेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

मी एकदा मागे पाहिलं. साहेब हसून हात दाखवत होते. आपा चष्मा पुसत होती.

मी बर्फीचा डबा उघडला.

साठ गोळ्या मारल्या. पदक मिळालं नाही. पदकाच्या जवळपासही मी नव्हते. पण पुढच्या स्पर्धेसाठी जेवढे गुण लागत होते त्याच्यावर तीन मिळाले. साहेब निकाल लागायच्या आधीच उठून गेले होते. आपा म्हणाली, "तीन जास्त? बेस झालं. चाल, भूक लागली." आणि बस लागणाऱ्या त्या बाईनं सीताबर्डीत कोथिंबिरीच्या सारणाची तेलकट सांबारवडी दोन प्लेट खाल्ली. परतीच्या बसमध्ये त्याचे परिणाम आम्ही दोघींनी भोगले.

बाबांनी ते स्थळ सोडलं. "पोरगी जरा शिकू दे," ते आईला म्हणाले. नेमबाजीत मी फार पुढे गेले नाही. पण शिक्षण पुरं झालं, परीक्षा दिल्या, आणि आता मी वनरक्षक आहे. माझी बीट, म्हणजे गस्तीचा भाग, मुलचेऱ्याकडच्या जंगलात आहे.

आपानं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद केलं. कुणी बंद करायला लावलं नाही. एके दिवशी तिनं एक काडतूस दोनदा तोललं आणि दोनदा वेगळं वजन वाचलं. तिसऱ्यांदा शेजारच्या दुकानदाराला वाचायला सांगितलं, तर तिची दोन्ही चुकीची. त्याच आठवड्यात ती कचेरीत गेली आणि परवाना परत करून आली. कचेरीतले अधिकारी म्हणाले, अजून मुदत आहे, चष्मा बदला. ती म्हणाली, "मले आता बारीक आकडा दिसत नाई. ज्याले दिसत नाई त्यानं बंदुकीले हात लावू नये."

मागच्या महिन्यात सुट्टी घेऊन मी तिच्याकडे गेले. घरचा नवा तांदूळ नेला होता. ती अंगणात बाजेवर बसली होती, खाकी शर्ट अजून अंगात. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. तिनं वाघाचं विचारलं, पगाराचं विचारलं, अजून लग्न काऊन नाई केलं ते विचारलं. आणि मग मध्येच, मी काही ठरवून आले नव्हते, माझ्या तोंडून निघालं.

"आपा, त्या दिवशी माझा हात हलला नव्हता."

कोणत्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"तवाच. इतके वर्सं नेमबाज पाह्यले मी. ज्याचा हात खरंच हलते ना, थो बंदुकीले दोष देते. गोळीले देते, वाऱ्याले देते. हात हलला म्हणणारी तू पयलीच भेटली."

माझ्या डोळ्यांना धार लागली. अकरा वर्षं मी ते घेऊन फिरत होते, आणि तिनं ते कधी मनात धरलंच नव्हतं. तिनं मला रडू दिलं. मग खांद्यावर एक चापट मारली.

"पन मले कायले सांगून राह्यली वं? मले तं माहीतच होतं. ज्याले माहीत नाई, त्याले सांग."

"साहेबांना?"

"हाव. म्हातारा झाला बिचारा. चाल, मी येतो संगं."

साहेबांचं घर दोन गल्ल्यांपलीकडे. ते पडवीत आरामखुर्चीवर बसले होते, वाळले होते, पायांवर चादर होती. त्यांनी मला लगेच ओळखलं नाही, आपाला ओळखलं आणि जरा अवघडून उठायला लागले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. की त्या दिवशी रेंजवर मी खोटं बोलले. की हात हलला नव्हता. की आपा बरोबर होती आणि तेव्हाही मला ते माहीत होतं.

साहेब परत खुर्चीत बसले. त्यांची सून दारात येऊन उभी राहिली होती, तिला काही कळेना.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी सगळ्यांसमोर आपांना जे बोललो होतो..."

आपानं त्यांना वाक्य पुरं करूच दिलं नाही. जवळचं स्टूल ओढलं, त्यांच्या शेजारी बसली आणि चादरीकडे बोट दाखवलं.

"गुडघे दुखतात वाटते?"

"फार," साहेब म्हणाले.

"माहे बी दुखतात. काय लावता?"

मग ते दोघं तास-दीड तास गुडघ्यांवर बोलत बसले, आणि मी पडवीच्या पायरीवर बसून ऐकत राहिले.